कागदावरचा सोमवार

२३ मार्च, रविवार

महेशनं माझा जुना कॉम्प्युटर शेवटी माळ्यावर चढवलाच. म्हणे, "आई, त्याचा पंखा सुरू झाला की खालचे लोक दळण घेऊन वर येतील." त्याच्या हपिसातून जुना लॅपटॉप मिळालाय. जुना त्यांना, आपल्याला नव्या नवरीसारखा. त्यात शीटचं सॉफ्टवेअर एकदम ताजं.

माझं होतं ते मी कामाला जायचे त्या शेठच्या साडी-फोल्डिंगच्या खात्यातलं. मुनीम जेवायला गेला की मी त्याच्या खुर्चीत. पोटल्यांची, साड्यांच्या गाठोड्यांची, मोजणी करता करता शिकले. कोणी शिकवलं नाही, कोणी हाकललंही नाही. कॉम्प्युटर मोडीत निघाला तेव्हा शेठ म्हणाले, "काकी, घेऊन जा, तुमच्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही."

नवं उघडलं तर सगळे डबे दुसऱ्याच फळीवर. मीठ कुठे, हळद कुठे. पण स्वयंपाकघर आपलंच, सापडेल.

हे म्हणाले, ते सापडेल तेव्हा सापडेल, चहाची पूड सापडतेय का बघ.

२५ मार्च, मंगळवार

एंटर दाबलं की चौकोन खाली उतरतो. माझा उजवीकडे जायचा. नाव, एंटर, तारीख, एंटर, असा हात बसलेला. आज सगळ्या तारखा नावांच्या खाली नांदायला गेल्या. पुसल्या, पुन्हा गेल्या. मोटर बंद करायची विसरले, टाकी वाहून गच्चीवर तळं. सेटिंगात खोल खोल जाऊन सापडलं शेवटी: एंटरनंतर कुठे, खाली की उजवीकडे. उजवीकडे केलं. पहिल्याच भाकरीला पापुद्रा सुटावा तसं वाटलं.

आणखी एक खोड. "सु" लिहिलं की तोच "सुशीला" पुरं करतो. तोंडातला घास काढून घेणारा पाहुणा. मला सुमन लिहायचं असेल तर?

सेव्ह करू नका, आपोआप होतं असंही म्हणतो. माझा नाही विश्वास. गॅस बंद केला तरी मी परत जाऊन बघते. दर दोन ओळींनी दाबतेच.

२८ मार्च, शुक्रवार

उन्हाळी कामाच्या पाळीची शीट करायला बसले. आठ घरं. आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या आत सगळ्यांच्या कुरडया, पापड, ज्वारीचे बिबडे व्हायला हवेत. आज हिच्या गच्चीवर आठही जणी, मग तिच्या. गावी याला सावड म्हणायचे, सुरतेत डिंडोलीला आलो तरी सावडच. फक्त अंगणाच्या जागी गच्ची.

जुन्यात मी आठ नावं ओळीनं शिकवून ठेवली होती. पहिलं लिहायचं, कोपरा धरून खाली ओढायचं, बाकीच्या सात जणी आपसूक यायच्या. नव्याला ते कुठलं माहीत! "वत्सला" लिहून ओढलं तर वत्सला, वत्सला, वत्सला, खालपर्यंत वत्सलाच.

हे चष्मा लावून बघत होते. "बरंय की. यंदा सगळ्या कुरडया तिच्याच घरी घाला. तुम्हा सगळ्यांच्यात तिचाच हात चांगला आहे."

खरं आहे ते. चीक शिजवावा तो वत्सलानं. समोरच्याच बिल्डिंगीत राहते, धुळ्याकडची. तिचा नवरा आणि हे एकाच लूम-खात्यात होते तेव्हापासूनची संगत. अजून अहिराणी सोडत नाही. मी अमळनेरची, पण सुरतेनं माझी पाऽर खिचडी केली, मराठीत गुजराती, गुजरातीत हिंदी.

संध्याकाळी तिला हा वत्सला-वत्सलाचा किस्सा सांगितला. हसली. मग म्हणाली, "पुढला सालले एक बी नही ऱ्हावाव. आखाजी व्हई का मी जासू कोसाडले." मुलाला तिकडे वसाहतीत घर मिळालंय. सगळे जाणार.

मी म्हटलं, कोसाड काय लांब आहे.

लांबच आहे. शहराचं दुसरं टोक. दोन बस बदलून अमरोलीच्या पुढे.

३० मार्च, पाडवा

गुढी गॅलरीत. शेजारच्या जिग्नाबेननी दरवर्षीप्रमाणे विचारलं, तांब्या उलटा का? दरवर्षीप्रमाणे वेगळं उत्तर दिलं. श्रीखंड विकतचं, चालशे. कडुलिंब ह्यांनी तोंड वाकडं करून खाल्ला.

१ एप्रिल, मंगळवार

शीट झाली! नाव, तारीख, वार. वाराचं सूत्र माझं जुनंच, रवि-सोम-मंगळ सातही हातानं लिहून बनवलेलं, ते नव्यानंही मुकाट घेतलं. तारीख टाकली की वार शेजारी हजर. आमच्या बायका तारीख कुठे वाचतात? वार सांगा.

अकरा तारखेपर्यंत बरोबर चाललं. पंधरा एप्रिल टाकली तर वाराच्या घरात कुंपणासारखी खूण आणि एक इंग्रजी शिवी. अठरालाही तेच. पुढे सगळ्यांना तेच. म्हटलं नवीन आहे, अकरापर्यंत मोजून दमलं असेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघून पुढचे वार हातानं टाकले.

पहिली पाळी ४/४, सुशीलाकडे. वार आला शुक्रवार. कॅलेंडरशी ताडून बघितला, बरोब्बर. मग बाकीचे तपासले नाहीत. कशाला?

झेरॉक्सवाल्याकडून आठ कागद काढले. घरोघर वाटले. वत्सलानं देवाच्या फोटोखाली चिकटवला, कडेनं हळदीचं बोटही लागलं.

४ एप्रिल, शुक्रवार

सुशीलाकडे. काय दिवस गेला! पहाटे तिच्या गच्चीवर पोचले तर चीक चुलीवर, वत्सला ढवळायला. घोटायचं दांडकं ती दुसऱ्या कोणाला देत नाही. चीक काचेसारखा झाला की मगच "आणा सोऱ्या". गरम असतानाच घालाव्या लागतात, निवला की संपलं. मी आणि कमल सोऱ्यावर. कमल आमच्यात सगळ्यात लहान, यंदाच पहिल्यांदा सावडीत आली, मुंग्यांच्या वारुळासारख्या कुरडया घालते. सुशीला म्हणाली, "ही कुरडई तळली तर कढईत मावणार नाही, तिला तिकीट काढून द्या."

वत्सला जाता जाता म्हणाली, तिनं गहू कालच भिजवले. मी मनात म्हटलं, पाळी मंगळवारी, चार दिवस भिजवायचे, मग एक दिवस आधीच? असेल, तिला आंबूस आवडतो. विचारलं नाही.

ती खाली उतरल्यावर सुशीलाला आणि कमलला म्हटलं, मंगळवारी वत्सलाकडे. बाकीच्या जणींना जिन्यात सांगितलं.

७ एप्रिल, सोमवार. चलथाण

काल दुपारीच लेकीकडे आले. साखर कारखान्याच्या मळीचा वास घरात आपला माणूस असल्यासारखा राहतो इथे, दोन तासांनी नाकाला कळत नाही. जावयानं रस आणला. नात म्हणते आजी तुझ्या लॅपटॉपमध्ये गेम आहे का. आहे म्हटलं, त्याचं नाव एंटर, खाली जातो की उजवीकडे ते ओळखायचं.

उद्या पहाटेच निघायचं. वत्सलाची पाळी.

८ एप्रिल, मंगळवार

काय झालं ते कळत नाही.

सकाळी सातही जणी वत्सलाच्या दारात. सोऱ्या, पाट, साड्या, प्लॅस्टिक, सगळं काखेत. दार अर्धं उघडलं. अंघोळ झालेली, केस बांधलेले, हातात काही नाही.

"कसाले उन्यात?"

सुशीला हसत म्हणाली, काय गं, कुरडयांना.

"व्हई ग्यं सगळं. एकलीनी करं." आणि दार लावलं. आपटलं नाही. सावकाश लावलं. आपटलं असतं तर बरं.

सात बायका जिन्यात सोऱ्या घेऊन उभ्या. कमल हळूच म्हणाली, काकू, आपण लग्नाला आलोय आणि वऱ्हाड कालच जेवून गेलंय असं वाटतंय. कोणी हसलं नाही.

मग परत आलो.

९ एप्रिल, बुधवार

वत्सलाला फोन केला, उचलला नाही. गॅलरीतून दिसली, आत गेली.

तिची सून मार्केटहून येताना खाली भेटली. मान खाली घालून सगळं सांगितलं तिनं. सोमवारी पहाटे सासूनं चीक चढवला. सून टेम्पोनं कामावर गेली तेव्हा एकटीच ढवळत होती. आता येतील, आता येतील. चीक झाला. कोणी नाही. आच बारीक केली, पाणी घातलं, परत घोटला. मग निवला. थोडा एकटीनं सोऱ्यातून काढला, तुटक तुटक. बाकीचा टाकला. वर्षाचे गहू.

म्हटलं, अगं फोन का नाही केला? समोर तर राहते सुशीला!

सून म्हणाली, आई म्हणाल्या, सावडीत बोलावणं नसतं.

नसतंच. बोलवावं लागलं तर ती सावड कसली. गावी सासूबाई म्हणायच्या, सावडीला बोलावणं म्हणजे भावाला लग्नाची पत्रिका पोस्टानं पाठवणं.

आणि सून म्हणाली, "जाणारीच्या घरी कोण राबणार?" असं आई रात्रभर म्हणत होत्या.

पण सोमवार का? कुठून आला सोमवार?

त्याच दिवशी, संध्याकाळी

कमल आली, कागद घेऊन. "काकू, माझी पाळी अकराला लिहिलीय आणि वार मंगळवार. अकराला तर शुक्रवार येतो. मंगळवारी पंधरा, ती जिजाबाईंची. मी गहू कधी भिजवू?"

कागद हातात घेतला. वत्सला, ८/४, सोमवार.

माझाच कागद. पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिले.

सुशीलाला फोन करून विचारलं, तुझ्याकडच्या कागदावर काय वार आहे वत्सलाचा? म्हणाली, "मी कागद कुठे बघते? तू तोंडानं सांगतेस ना." जिजाबाईंचा कागद तर नातवानं विमान करून उडवला. सात घरांत वत्सलाचा वार कोणी बघितलाच नव्हता. एकटीनं माझ्या कागदावर विश्वास ठेवला, तिचीच फसगत झाली.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळपासून लॅपटॉपपुढे. ह्यांनी स्वतः खिचडी लावली, मीठ दोनदा पडलं, खाल्ली.

नुसत्या तारखा टाकत बसले, एकाखाली एक. मग दिसलं. बारापर्यंतच्या तारखा घराच्या उजव्या भिंतीला टेकून बसतात. तेरापासूनच्या डाव्या. एकाच घरातल्या माणसांत अबोला असल्यासारख्या. म्हणजे डावीकडच्यांना तो तारीख मानतच नाही. आणि उजवीकडच्यांना काहीतरी भलतंच मानतो. बारा… बारा काय असतात? महिने!

महेश संध्याकाळी आला, त्याला दाखवलं. त्यानं लॅपटॉपच्या सेटिंगात जाऊन बघितलं. "आई, ह्यात देश अमेरिका लावलेला आहे. तिकडे महिना आधी लिहितात, दिवस मग. आमच्या हपिसाचे क्लायंट तिकडचे ना."

म्हणजे मी आठ एप्रिल लिहिलं, त्यानं वाचलं चार ऑगस्ट. दिनदर्शिका उलटून बघितली. चार ऑगस्ट, सोमवार. तोही श्रावणातला! वत्सला श्रावणी सोमवारी पाणीसुद्धा मोजून पिते.

आणि सुशीलाची ४/४. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. म्हणून पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही.

हे म्हणाले, "थोडक्यात काय, वत्सलाची पाळी तू अमेरिकेत टाकलीस." मग माझं तोंड बघून भांडी घासायला उठले.

११ एप्रिल, शुक्रवार

कमलचे गहू भिजलेलेच नव्हते, तिनं उडदाचे पापड घेतले. पाळी वाया जाऊ दिली नाही, शहाणी पोर. सगळ्या जणींना खरं काय ते सांगितलं. सुशीला म्हणाली, चल, वर जाऊन वत्सलाला सांग, मिटलं. तिला सगळं सोपं वाटतं.

वत्सला आली नाही. लागोपाठ चार पाळ्या न येणारीचं घर सावडीतून सुटतं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती

देवळातला प्रसाद घेऊन वत्सलाकडे गेले. प्रसादाला दार लावता येत नाही.

सगळं सांगितलं. अमेरिका, ऑगस्ट, उजवी भिंत, डावी भिंत. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मशीनले काय ठाव मी जाई राहिनू?"

मी म्हटलं, अगं त्याला काहीच माहीत नसतं, तेच तर सांगतेय.

"मंग तुले ठाव व्हतं ना वार?"

होताच की माहीत. सगळ्यांना तोंडानं सांगितला. तिला कागद दिला होता ना, म्हणून सांगितला नाही. कागद दिला म्हणजे झालं, असं मला वाटलं.

मी म्हटलं, निदान एक हाक मारायचीस. "बलावाले काब्रं जाऊ मी?" म्हणाली, का म्हणून जाऊ. आवाज चढला नाही. "इतली वरीस कोनी बलावं का कोनले?"

भिंतीवर कागद तसाच, फोटोखाली, हळदीच्या बोटासकट. तिनं काढला नव्हता. मी काढायला हात लावला तर म्हणाली, राहू दे.

आतून एक डबा आणला. तिनं एकटीनं घातलेल्या कुरडया. जाड, तुटलेल्या, कुठे बोटांचे ठसे. उघडून दाखवला आणि परत झाकला. मग चहा दिला. साखर माझ्या मापानं, एक चमचा. रागातसुद्धा माप चुकलं नाही.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, माझ्यावर रागावली असती तर चाललं असतं. तिला वाटलं की ती आमची उरली नाही. ते वाटलेलं कसं पुसायचं?

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी, महेश घरी. देश भारत केला. वाटलं, आता सगळं आपोआप सरळ होईल. कुठलं! आठ एप्रिल लिहिलं होतं तिथे आता ०४-०८ असं दिसायला लागलं. उलट चूक चारचौघांत आली. महेश म्हणाला, सेटिंग पुढच्यासाठी असतं आई, मागचं हातानंच टाकावं लागतं. टाकलं. तेरापासूनच्या पण परत टाकल्या, सगळ्या मुकाट उजवीकडे जाऊन बसल्या. वार आले, शिवी गेली. आठ नावांची ओळ पण शिकवली त्याला, महेशनं जागा दाखवली. एकदा ओढून बघितलं. सुशीला, वत्सला, कमल, जिजाबाई… आल्या एकामागून एक. बघत बसले थोडा वेळ.

मन लागलं जरा. गोष्ट नीट झाली की मला बरं वाटतं, मग ती बारकीशी का असेना.

१५ एप्रिल, मंगळवार

जिजाबाईंकडे. वत्सला नाही. चीक कोण शिजवणार यावर पंचायत, शेवटी मी. गुठळ्या. जिजाबाई म्हणाल्या, "चालायचं, तळल्यावर कळत नाही." कळतं.

सोऱ्या चालू असतानाच विषय काढला. माझी पाळी पंचवीसची, शुक्रवार. ती वत्सलाला द्यायची. माझं यंदा नाही झालं तरी हरकत नाही, दोन माणसांना लागतात किती.

सुशीला म्हणाली, "एका घरी दोनदा पाळी? असं कधी झालं नाही इंदूताई."

कमल म्हणाली, "पण एकदाही झाली कुठे? आपण कोणीच गेलो नाही."

सुशीलानं सोऱ्या फिरवणं थांबवलं. मग म्हणाली, ही परवा आलेली पोर आम्हाला सावड शिकवतेय. पण "नको" म्हणाली नाही.

जिजाबाईंचा मुद्दा वेगळाच. "ती कोसाडला चाललीय. पुढल्या वर्षी ती आपल्या दारी कशी येणार? सावड म्हणजे फेड." मी म्हटलं, आजवर आठ घरांचा चीक तिनंच शिजवला, त्याची फेड कोणी केली? मग सगळ्या आपापल्या कुरडईकडे बघायला लागल्या. बोलायला नको होतं इतकं धारदार. पण बोलले.

ठरलं.

१७ एप्रिल, गुरुवार

नवा कागद काढला. वत्सला, २५ एप्रिल, शुक्रवार. वार मोठ्या अक्षरात, ठळक, तारीख बारीक. सूत्रानं आलेला वार दिनदर्शिकेशी ताडला, मोबाइलशी ताडला, शेवटी ह्यांना विचारला. म्हणाले, पंचांगवाल्या जोशांनाही फोन लावू का?

कागद वत्सलाच्या सुनेच्या हाती दिला. बरोबर निरोप नाही. "या" नाही, "करशील ना" नाही. बोलावणं केलं तर ती म्हणेल, आता बोलावून नेतात, म्हणजे परकी झाले. नाही सांगितलं तरी मागच्यासारखं होणार नाही ना, ही भीती. इकडे आड तिकडे विहीर, मधल्या काठावर मी कागद घेऊन उभी.

सुनेला एवढंच म्हटलं, सगळ्यांना तोंडानंही सांगितलंय. तिनं मान हलवली.

२१ एप्रिल, सोमवार

शुक्रवारसाठी गहू आज भिजायला हवेत.

दिवसभर गॅलरीत काही ना काही काम काढलं. तुळशीला पाणी, पुन्हा तुळशीला पाणी. हे म्हणाले, तुळस पोहायला शिकेल. समोरची गॅलरी दिसते, त्यात कपडे, बादली, कोसाडला न्यायचे बांधून ठेवलेले खोके. गहू आत भिजवत असेल. किंवा नसेल.

मी नवं शिकले आज. शीटमध्ये एका घराला टीप चिकटवता येते, नुसतं त्यावर गेलं की दिसते. वत्सलाच्या नावाला चिकटवली: "तोंडानंही सांगणे." मग वाटलं हे काय, ती काय विसरायची गोष्ट आहे? राहू दिली तरी.

२२ एप्रिल, मंगळवार

सुमनकडे पापड. वत्सलाची सून आली! कामावर जायच्या आधी, स्वतःचं लाटणं घेऊन. थोडे पापड लाटले, पदराला हात पुसले, "येते" म्हणाली आणि गेली. सासूनं पाठवली की आपणहून आली, कळायला मार्ग नाही. अठराची पाळीही वत्सलानं चुकवली होती, आजची चौथी झाली असती. घर सुटलं नाही एवढं झालं.

ती असताना सुशीला मला कोपरानं ढोसत होती. "विचार ना, गहू भिजलेत का ते." मी तिचा हात धरून ठेवला. पीठ लागलं तिच्या बांगड्यांना, ओरडली.

नंतर सुशीला म्हणते, आणि पुढल्या वर्षीचं काय? शीटमध्ये आठ घरं की सात? मी म्हटलं, आठ. कोसाडची गच्ची मोठी असेल, वारा येईल. म्हणाली, दोन बस बदलून सोऱ्या घेऊन जायचं? मी म्हटलं, सोऱ्याला तिकीट नसतं.

हसली ती. म्हणजे अर्धी कबूल.

२४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी समोरच्या गॅलरीत एक मोठं पातेलं दिसलं. वर पांढरं फडकं, दोऱ्यानं बांधलेलं. चीक बसायला ठेवतात ते असंच बांधून. पण सामान बांधतात तेव्हाही भांड्यांवर फडकं बांधतातच. बराच वेळ बघितलं. हे म्हणाले, "समोरच तर आहे. जा आणि विचार."

"सावडीत विचारत नाहीत."

"मग दुर्बीण आणू का?"

वत्सला एकदा बाहेर आली. पातेल्याचा दोरा घट्ट केला. माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, दिवा तिच्या मागे होता, तोंड दिसलं नाही. मी हात केला. ती आत गेली. हात बघून गेली की न बघता, देव जाणे.

सुशीला, कमल, जिजाबाई, सगळ्यांना पुन्हा तोंडानं सांगून आले. जिजाबाई म्हणाल्या, आता मला झोपेतही शुक्रवार ऐकू येतो.

सोऱ्याला तेल लावून ठेवलं. चकती बारीक भोकाची घेतली, तिला बारीकच लागते. गजर लावला. ह्यांनीही लावला, म्हणे दोन असलेले बरे.

पहाटे जाते. दार उघडं असलं तर चुलीशी बसायचं. बंद असलं तर पायरीवर. बसायचं मात्र आहे.